मॉक ड्राफ्टची वही: २३ मार्चपर्यंत

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार

लेकीच्या सॉफ्टबॉल टीमच्या पालकांनी यंदा फँटसी बेसबॉलची लीग काढली आहे: खरे खेळाडू निवडून आपापले कागदी संघ करायचे, आणि त्यांनी मैदानावर काढलेल्या आकड्यांवरून गुण मोजायचे. बारा संघ, आणि प्रत्येक संघ म्हणजे एक पालक नि एक मूल. खरा ड्राफ्ट, म्हणजे पाळीपाळीनं खेळाडू निवडणं, २३ मार्चला, रविवारी दुपारी, इथेच एडिसनमध्ये एकांच्या बेसमेंटमध्ये. हातात सहा आठवडे आहेत. "आई, तोपर्यंत मॉक करायचे. निदान सात-आठ," असं लेकीनं काल रात्रीच जाहीर केलं. मॉक म्हणजे सरावाचा खोटा ड्राफ्ट. म्हणून ही वही घातली.

वही दोनशे पानी, मागच्या सुट्टीत सांगलीहून आणलेली. आप्पा कित्येक वर्षं क्लब क्रिकेटचे स्कोअरर होते. शनिवार-रविवार त्यांच्या शेजारी बसून मी आधी टिंबं काढायला शिकले, आकडे नंतर. त्यामुळे ऑफिसात दिवसभर एक्सेल असलं तरी खेळाचा हिशोब मला कागदावरच सुचतो.

नियम एकदाच लिहून ठेवते. प्रत्येक संघात २३ खेळाडू: १४ फलंदाज, ९ पिचर (चेंडू टाकणारे). मोजायचे रकाने दहा. फलंदाजीत धावा, होम रन, आरबीआय (आपल्या फलंदाजीवर संघाला मिळालेल्या धावा), चोरलेले बेस (पिचर चेंडू टाकत असताना पळून गाठलेले) आणि सरासरी (हिट भागिले ॲट-बॅट, म्हणजे फलंदाजीच्या मोजलेल्या पाळ्या). पिचिंगमध्ये विजय, सेव्ह (शेवटी येऊन आघाडी राखणं), स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइकवर बाद करणं), ईआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावरच्या धावा) आणि व्हिप. दर रकान्यात बारा संघांचा क्रम लागतो, पहिल्याला १२ गुण, शेवटच्याला १. दहाही रकान्यांची बेरीज ज्याची जास्त तो जिंकला. होम रनमध्ये दुसऱ्यापेक्षा शंभरनं पुढे असलात तरी १२ आणि एकानं पुढे असलात तरी १२. हे वाक्य मी लाल पेनानं अधोरेखित केलंय, कारण आवडता खेळाडू समोर आला की पहिल्यांदा हेच विसरायला होतं.

निवड नागमोडी: पहिल्या फेरीत १ ते १२, दुसऱ्या फेरीत १२ ते १, मग परत सरळ. आमची खुर्ची कितवी ते १४ मार्चला चिठ्ठ्या टाकून ठरेल.

१२ फेब्रुवारी, बुधवार

लेकीनं विचारलं, ह्या प्रकाराला 'रोटो' का म्हणतात? नाव एका रेस्टॉरंटवरून पडलंय. १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट नावाच्या पत्रकार-संपादकानं मित्रांना जमवून पहिली लीग उभी केली. ते मॅनहॅटनमधल्या 'ला रोटिसरी फ्रांसेज' नावाच्या ठिकाणी जेवायला भेटायचे, म्हणून रोटिसरी, आणि त्याचं रोटो. प्रत्येक इनिंगमागे पिचरनं किती वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर फुकट दिलेला बेस) आणि हिट दिले हे सांगणारा व्हिपचा आकडाही ओक्रेंटनंच काढलेला.

त्याच्याही मागे गेलं की हेन्री चॅडविक भेटतो. जन्म इंग्लंडचा, वाढला ब्रुकलिनमध्ये, आणि वर्तमानपत्रात लिहायचा ते क्रिकेटबद्दल. क्रिकेटचं स्कोअरकार्ड डोळ्यांसमोर ठेवून त्यानं १८५९ मध्ये बेसबॉलचा बॉक्स स्कोअर मांडला. स्ट्राइकआऊटसाठी 'के' हे अक्षरही त्याचंच. रविवारी फोनवर आप्पांना हे सांगायचं आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार. मॉक क्र. १

इंटरनेटवरच्या सार्वजनिक लॉबीत बसलो. अनोळखी अकरा जण, प्रत्येक निवडीला ६० सेकंद. खुर्ची तिसरी मिळाली, म्हणजे आमचे नंबर ३, २२, २७, ४६, ५१, ७० असे.

पहिला शोहेई ओहतानी गेला. २०२४ मध्ये ५४ होम रन आणि ५९ चोरलेले बेस, एका मोसमात पन्नास-पन्नास करणारा पहिलाच माणूस. दुसरा ॲरन जज: ५८ होम रन, १४४ आरबीआय, सरासरी .३२२. आमच्या वाट्याला बॉबी विट ज्युनियर आला: .३३२ सरासरी, ३२ होम रन, ३१ बेस. लेक खूश. २२ ला झॅक व्हीलर, २७ ला ट्रे टर्नर. इथपर्यंत हात थरथरला नाही.

घोळ झाला तो ५१ नंतर. कोणीतरी इमॅन्युएल क्लासे उचलला. गेल्या वर्षी त्यानं ४७ सेव्ह ०.६१ च्या ईआरएनं काढले होते, तेव्हा समजण्यासारखं आहे. पण लगेच मागोमाग मेसन मिलर, मग रायन हेल्स्ली, एडविन डियाझ, डेव्हिन विल्यम्स, जॉश हेडर. दहा-बारा निवडींत सहा क्लोजर, म्हणजे शेवटी येऊन सेव्ह काढणारे पिचर, साफ. ७० ला आमची पाळी आली तेव्हा यादीतला सातवा क्लोजर मी घाईघाईनं घेतला. त्याच जागी दोन चांगले आऊटफिल्डर पडून होते, ते मी पाहिलेसुद्धा नाहीत. रेशनच्या रांगेसारखं झालं: रांग दिसली की आपणही उभं राहायचं.

नोंद: क्लोजरची रांग लागली की तिच्या शेपटीला कधीही उभं राहायचं नाही. एकतर पहिल्या दोघांत घ्या, नाहीतर रांग ओसरेपर्यंत दुसरी भाजी घ्या.

चौदाव्या फेरीपासून अर्धे लोक उठून गेले आणि त्यांच्या जागी कॉम्प्युटर निवडत बसला. तिथून पुढच्या नोंदी मी पेन्सिलीनं केल्या आहेत. त्यांवर भरवसा ठेवायचा नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

कालच्या मॉकची मांडणीच वेगळी होती, हे आज लक्षात आलं. त्या लॉबीत प्रत्येकाला दोन कॅचर (बेसबॉलचे यष्टिरक्षक) लागत होते. आमच्या लीगमध्ये एकच. फरक साधा वाटतो, पण बारा संघांना दोन-दोन म्हणजे २४ कॅचर संपतात, आणि एकेक म्हणजे १२. चोविसावा कॅचर आठवड्यातून तीन दिवस खेळणारा असतो, बारावा बरा असतो. म्हणजे काल कॅचर लवकर जात होते त्यात लोकांचं काही चुकलं नव्हतं. मी मात्र भलत्याच बाजारातले भाव उतरवून घेत होते. यापुढे आधी नियमांचं पान उघडायचं, मग बसायचं.

त्यावरून दुपारी लेकीशी कॅल रॅलीवर वाद झाला. सिअॅटलचा कॅचर, ३४ होम रन, १०० आरबीआय, पण सरासरी .२२०. ती म्हणते, "सरासरी बुडते आई." मग हिशोबच केला. आमच्या १४ फलंदाजांचे मिळून साधारण ७,००० ॲट-बॅट धरू. त्यात रॅलीचे ५५०. तो .२६० च्या जागी .२२० मारतो, म्हणजे ५५० मध्ये २२ हिट कमी. २२ भागिले ७,००० म्हणजे .००३. संघाची सरासरी .२६० ची .२५७ होते. हे नुकसान खरं आहे आणि एक-दोन गुणांचं असू शकतं. पण कॅचरच्या जागेवर ३४ होम रन दुसरा कोण देतो? तिनं स्वतः कॅल्क्युलेटरवर पुन्हा करून पाहिलं आणि यादीत रॅलीच्या नावापुढे बाण वर काढला. तो बाण मी तसाच ठेवलाय.

२२ फेब्रुवारी, शनिवार. मॉक क्र. ३

(क्र. २ मंगळवारी झाला, पाचव्या फेरीत आमचंच इंटरनेट गेलं. नोंद करण्यासारखं काही नाही.)

आज खुर्ची बारावी. ह्या खुर्चीची गंमत वेगळी: १२ आणि १३ लागोपाठ आपलेच, मग थेट ३६-३७. लेकीला एकच हौस होती, पॉल स्कीन्स आणि टारिक स्कूबल दोघंही एकदम. दोघं खरंच उरले, घेतले.

स्कीन्स मे महिन्यात आला आणि २३ सामन्यांत १.९६ चा ईआरए, १३३ इनिंगमध्ये १७० स्ट्राइकआऊट. स्कूबल गेल्या वर्षीचा अमेरिकन लीगचा साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा किताब मिळवलेला: १८ विजय, २.३९ ईआरए, २२८ स्ट्राइकआऊट. तिन्ही रकान्यांत लीगमध्ये पहिला. कागदावर ही जोडी इतकी देखणी दिसते की मी त्या पानाचा फोटो काढून ठेवला.

मग ३६ आली. त्या वेळी पळणारे फलंदाज, म्हणजे होम रनही देणारे आणि बेसही चोरणारे, जवळजवळ संपले होते. पुढच्या दहा फेऱ्या मी चोऱ्या शोधत फिरले. शेवटी दोन असे घेतले जे पळतात पण बाकी काही करत नाहीत. पिचिंग पहिलं, बेस अकरावे.

चोऱ्यांची गोष्ट थोडी खोलात लिहिते, कारण इथं जुनी माहिती फसवते. २०२३ पासून मेजर लीगनं बेस १५ इंचांचे १८ इंचांचे केले. त्यामुळे पहिल्या आणि दुसऱ्या बेसमधलं अंतर साडेचार इंचांनी कमी झालं. शिवाय पिचरला धावपटूला अडकवायला एका फलंदाजामागे दोनदाच थांबता येतं. तिसऱ्यांदा थांबला आणि धावपटू बाद झाला नाही, तर त्याला पुढचा बेस फुकट. परिणाम: २०२२ मध्ये सगळ्या लीगमध्ये मिळून २,४८६ चोऱ्या, २०२३ मध्ये ३,५०३, २०२४ मध्ये ३,६१७. म्हणजे पूर्वी २० बेसवाला खेळाडू सोन्याचा होता, आता २० बेस म्हणजे भाजीतलं मीठ. सगळ्यांकडे असतं, आपल्याकडे नसलं तरच चव बिघडते. आणि एली डे ला क्रूझसारखा ६७ चोरणारा एकटा अर्धा रकाना भरतो.

लेक पहिल्या बेसवर उभी राहते तेव्हा पिचरच्या मागच्या टाचेकडे बघते. टाच हलली की पळायचं. हे तिनं मला आज स्वयंपाकघरात ओट्यापासून फ्रिजपर्यंत पळून दाखवलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

ओरिओल्सचा गनर हेंडरसन काल सामना अर्धवट सोडून बाहेर गेला. बरगड्यांमधला स्नायू दुखावला. दुखापत सौम्य म्हणतात. ३७ होम रन, २१ बेसचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक), पहिल्या सातांत जाणारा. आमच्या यादीत त्याला चार जागा खाली आणला. यादीवर तारीख टाकली, कारण ती उद्या शिळी होणार.

२ मार्च, रविवार. मॉक क्र. ४

संघ लिहीत नाही, टाकून दिला. आजपासून ठरवलंय की मॉकमध्ये आपण काय निवडलं ते जपायचं नाही. कोण कितव्या नंबरला गेलं ते डाव्या पानावर, आणि ते नाव जाताना आमच्या घरात काय झालं ते उजव्या पानावर. उजव्या पानावर आज "लेक ओरडली" तीनदा आलंय: डे ला क्रूझ, जॅक्सन शुरिओ, जेम्स वुड. म्हणजे तिच्या मनातली खरी यादी मला तिला न विचारता मिळाली.

उरलेला वेळ मैदानांवर. टॅम्पा बे रेजच्या ट्रॉपिकाना फील्डचं छप्पर ऑक्टोबरमध्ये मिल्टन चक्रीवादळानं फाडलं, त्यामुळे ते यंदा यांकीजच्या सराव-मैदानावर, स्टाइनब्रेनर फील्डवर खेळणार. त्याची मापं यांकी स्टेडियमसारखी आहेत, उजवीकडची भिंत जवळ. डावखुऱ्यांना आवतणच. रेजचा ब्रँडन लो डावखुरा, सेकंड बेसमन, गेल्या वर्षी १०७ सामन्यांत २१ होम रन. तो उशिरापर्यंत पडून राहतो. नावाला चौकट केली. ॲथलेटिक्सही ओकलंड सोडून वेस्ट सॅक्रामेंटोच्या मायनर, म्हणजे खालच्या लीगच्या मैदानावर चाललेत. ओकलंडच्या जड, गार हवेत ब्रेंट रूकरनं ३९ मारले होते. उन्हाळ्यात सॅक्रामेंटो तापतं, आणि गरम हवेत चेंडू लांब जातो. त्याच्याही नावाला चौकट.

५ मार्च, बुधवार. मॉक क्र. ५

खुर्ची सातवी. परवा यांकीजचा लुईस गिल, गेल्या वर्षीचा अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित, पाठीच्या स्नायूच्या दुखापतीनं बाहेर गेला. त्यामुळे यांकीजचे पिचर आज सगळेच जरा खाली घसरत होते, आणि ५५ ला गेरिट कोल समोर आला.

कोलबद्दल माझं मत तयार होतं. २०२३ चा साय यंग, एकमतानं: १५ विजय, २.६३, २२२ स्ट्राइकआऊट. २०२४ मध्ये कोपरामुळे जूनमध्ये सुरुवात केली, १७ सामने, ३.४१. पण शेवटाकडे तो जुना कोल दिसत होता. पाचव्या फेरीत असा पिचर म्हणजे भाव पाडून मिळालेला माल. घेतला. वहीत लिहिलं: "खऱ्या ड्राफ्टमध्ये ५५ ला कोल उरला तर डोळे मिटून."

लेकीच्या खोलीत दारामागे कोलचं पोस्टर आहे, ती सात वर्षांची असल्यापासून. तो घेतला म्हणून ती रात्री नऊला खाली येऊन मला मिठी मारून गेली.

७ मार्च, शुक्रवार

काल कोलनं ट्विन्सविरुद्ध तीन इनिंगही पुऱ्या केल्या नाहीत आणि सहा धावा दिल्या. सरावाचा सामना आहे, मनावर घ्यायचं नाही, असं मी लिहिणार होते. लेकीनं व्हिडिओ दोनदा पाहिला. म्हणाली, "आई, चेंडू टाकून झाल्यावर तो हात झटकतोय." मला काही दिसलं नाही.

१० मार्च, सोमवार

यांकीजनं आज जाहीर केलं. कोलच्या कोपराची टॉमी जॉन शस्त्रक्रिया, उद्या लॉस एंजेलिसमध्ये. २०२५ चा सगळा मोसम गेला.

५ मार्चचं ते वाक्य खोडलं नाही, फक्त शेजारी आजची तारीख घातली.

संध्याकाळी लेकीला टॉमी जॉन कोण ते सांगितलं. डॉजर्सचा डावखुरा पिचर. २५ सप्टेंबर १९७४ ला डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या मनगटाजवळचा स्नायुबंध काढून कोपरात बसवला. त्याआधी ही दुखापत म्हणजे कारकीर्द संपली. जॉन परत आला आणि त्यानंतर १६४ सामने जिंकला, आधीपेक्षा जास्त. तिनं सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "कोल चौतीसचा आहे ना?" हो म्हटलं. त्यापुढे आम्ही दोघी थोडा वेळ नुसत्या बसलो. आज मॉक केला नाही.

नंतर उशिरा एकटी बसून पिचरांची यादी पुन्हा मांडली. नंबर पुसून थर केले: पहिल्या थरात स्कीन्स, स्कूबल, व्हीलर. दुसऱ्यात लोगन गिल्बर्ट, क्रिस सेल आणि आणखी चार. एका थरातल्या कोणाहीसाठी भांडायचं नाही. कोलसारखा एक गेला तर यादी कोसळते, थर मात्र उभा राहतो. ठरलं ते असं: पहिल्या चार निवडींत पिचर एकच, आणि गेल्या वर्षी खरोखर भरपूर फेकलेला. गिल्बर्टनं २०२४ मध्ये २०८ इनिंग टाकल्या, व्हिप ०.८९. त्याच्या नावाखाली दोन रेघा.

१४ मार्च, शुक्रवार

चिठ्ठी निघाली. खुर्ची सातवी. आमचे नंबर: ७, १८, ३१, ४२, ५५, ६६, ७९, ९०, १०३, ११४, १२७, १३८ आणि पुढे. शेवटचा २७१.

१६ मार्च, रविवार. मॉक क्र. ६ आणि ७

दोन्ही सातव्या खुर्चीवरून, एक कॅचरच्या नियमानं, दोन्ही वेळा माणसं शेवटपर्यंत बसली. आतापर्यंतचं सगळ्यात उपयोगी काम आज झालं.

सातव्या खुर्चीवर एक गोष्ट सारखी मोजावी लागते. ७ नंतर १८ येईपर्यंत मध्ये १० निवडी, १८ नंतर ३१ येईपर्यंत १२. प्रत्येक वेळी प्रश्न एकच: ह्या दहा-बारांत कुठला थर संपेल? संपणाऱ्या थरातलं आत्ता घ्यायचं, न संपणारं पुढच्या खेपेला. दोन चांगल्यांतला जास्त चांगला कोण, हा वाद तिथं कामाचा नाही. आज १८ ला माझ्यासमोर व्लादिमिर गरेरो ज्युनियर होता (.३२३, ३० होम रन) आणि शुरिओ (२१ होम रन, २२ बेस, तेही विसाव्या वर्षी). आकड्यांत गरेरो मोठा. पण फर्स्ट बेसचे बरे लोक ५५ पर्यंत उरतात हे डावं पान सांगत होतं. मारणारे-पळणारे आऊटफिल्डर ३१ च्या आत संपतात. शुरिओ घेतला.

७ ला दोन्ही वेळा ओहतानी, विट, जज, डे ला क्रूझ, होसे रामिरेझ आणि हुआन सोटो आधी गेले. उरले काइल टकर, कॉर्बिन कॅरोल, फर्नांडो टाटिस. लेकीला कॅरोल हवा. त्याचं गेलं वर्ष दोन तुकड्यांचं: मोसमाच्या मध्यावरच्या ऑल-स्टार सामन्याआधी ५ होम रन, नंतर १७. ती म्हणते दुसरा तुकडा खरा. मला टकर हवा. नडगीच्या हाडाला चीर गेल्यानं ७८ च सामने खेळला, पण तेवढ्यात २३ होम रन, ११ बेस, .२८९. आणि आता कब्जमध्ये आल्यावर हे त्याचं कराराचं शेवटचं वर्ष. एका मॉकमध्ये टकर, दुसऱ्यात कॅरोल घेऊन पाहिला. खालच्या फेऱ्यांत काडीचा फरक पडला नाही. मग काय, एकाच थरातले दोघं. टॉस केला, टकर.

रामिरेझची एक नोंद, कामाची नाही पण राहवत नाही. गेल्या वर्षी ३९ होम रन, ४१ बेस. चाळीस-चाळीसला एक होम रन कमी, आणि मोसमाचा शेवटचा सामना पावसानं रद्द झाला. आप्पांनी हे ऐकल्यावर फोनवर बराच वेळ "अरेरे" म्हटलं.

१८ मार्च, मंगळवार

पहाटे साडेपाचला उठून चहा टाकला. टोकियो डोममध्ये डॉजर्स आणि कब्ज, आमच्याकडे सकाळी सहा दहाला सुरू. योशिनोबू यामामोतो विरुद्ध शोता इमानागा. डॉजर्स ४-१. इमानागानं चार इनिंगमध्ये एकही हिट दिला नाही, पण चार वॉक दिले. व्हिपच्या रकान्यात वॉकही मोजतात, हे लेकीनं न सांगता लिहिलं.

महत्त्वाचं ते मैदानाबाहेर. मूकी बेट्स पोटाच्या आजारानं खेळलाच नाही, त्याला अमेरिकेत परत पाठवलं. वजन जवळजवळ १५ पौंडांनी उतरलंय. यंदा तो शॉर्टस्टॉप खेळणार होता. ह्या आठवड्यात त्याचा भाव रोज घसरणार. आमच्या यादीत काय करायचं ते आज ठरवत नाही. स्नायू फाटलेला नाही, हाड मोडलेलं नाही, पण माणूस जेवू शकत नाहीये.

२२ मार्च, शनिवार. मॉक क्र. ८, शेवटचा

घड्याळ ९० सेकंदांवर लावून फक्त सराव: मी थर वाचते, ती बोट ठेवते. ४५ सेकंदांपर्यंत बोलायचं, मग गप्प. बटण तिचं. आधी मी बटण माझ्याकडे ठेवणार होते. पण सात मॉकमध्ये शेवटच्या दहा सेकंदांत मी तीनदा भलतंच दाबलंय, तिनं एकदाही नाही.

एक पानी कागद तयार. पाठीमागे सात नावं चौकटीत: रॅली, ब्रँडन लो, रूकर वगैरे.

२३ मार्च, रविवार. खरा ड्राफ्ट

बेसमेंटमध्ये बारा जोड्या, भिंतीवर मोठा तक्ता, प्रत्येक निवडीला नावाचा स्टिकर. मधल्या टेबलावर पिझ्झा आणि आम्ही नेलेली भाकरवडी. ती तिसऱ्या फेरीआधीच संपली.

पहिले सहा जसे लिहिले होते तसेच गेले, फक्त रामिरेझ डे ला क्रूझच्या आधी. ७, टकर. १८ ला शुरिओ उरला होता. लेकीनं माझ्याकडे बघितलंही नाही, स्टिकर काढून मोकळी.

मग ३१. योजनेत इथं गिल्बर्ट होता आणि गिल्बर्ट समोर होता. आणि बेट्सही समोर होता. कोणत्याच मॉकमध्ये तो विसाच्या पुढे गेला नव्हता. गेल्या वर्षी हात मोडून ११६ च सामने, तरी १९ होम रन, १६ बेस, .२८९. शॉर्टस्टॉप आणि आऊटफिल्ड दोन्हीकडे चालतो. खोलीत कुजबुज होती, सगळ्यांना तो दिसत होता, कोणी हात लावत नव्हतं. मी थर वाचला: गिल्बर्टच्या थरात अजून चौघं, बेट्सच्या थरात तो एकटा. ४५ सेकंद झाले, मी गप्प बसले. लेकीनं दोन्ही स्टिकर हातात धरले होते. ७० ला ती हळूच म्हणाली, "तो आजारी आहे, तुटलेला नाही," आणि उठून तक्त्याकडे गेली.

४२ पर्यंत गिल्बर्ट काही थांबला नाही, ३६ ला गेला. पण सेल थांबला. गेल्या वर्षीचा नॅशनल लीगचा साय यंग, १८ विजय, २.३८. वय छत्तीस होईल ह्या महिन्याअखेर, म्हणून लोक घाबरले असावेत. आमचा एक पिचर झाला.

क्लोजरची रांग सहाव्या फेरीत लागली. आम्ही उभ्या राहिलो नाही. ६६ ला रूकर, ७९ ला दुसऱ्या थरातला क्लोजर निवांतपणे. रॅली पुढच्याच खेपेला, लो त्यानंतर बऱ्याच उशिरा. शेवटच्या सहा फेऱ्या भराभर झाल्या. दोन आऊटफिल्डर असे आहेत ज्यांच्यावर माझा फारसा विश्वास नाही, आणि चौथा-पाचवा पिचर कमकुवत आहे. एप्रिलमध्ये तिथं लक्ष घालायचं.

घरी येऊन वहीच्या शेवटच्या पानावर २३ नावं लिहिली, अक्षर लेकीचं. सांगलीला फोटो पाठवला. तिकडे पहाट झाली होती, आप्पा उठलेलेच असतात. दहा मिनिटांत उत्तर आलं: "यात डावखुरे किती?"

हे आम्ही आठ मॉकमध्ये एकदाही मोजलं नव्हतं. लेकीनं पेन्सिल घेतली, टकरच्या नावापुढे 'डा' लिहिलं, आणि आम्ही खाली खाली येत मोजायला लागलो.